घरच्या कॉम्प्युटरचा राखणदार

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कालचा दिवस गप्पांचा, गाण्यांचा आणि एकमेकांची टक्कलं मोजण्याचा झाला. आज सकाळी 'काहीतरी उपयोगाचं' असावं असं समितीने ठरवलं. मधुमेहावर बोलायला आपल्यात डॉक्टर आहेत, मृत्युपत्रावर बोलायला वकील आहेत, आणि कॉम्प्युटरवर बोलायला मी उरलो. मी सायबर तज्ज्ञ वगैरे नाही. नोकरी बँकेच्या संगणक विभागात झाली, आणि निवृत्तीनंतर ओळखीपाळखीच्या घरांतले कॉम्प्युटर बघून देतो. चहा मिळतो, कधी पोहे मिळतात, तेवढ्यावर आमचं भागतं.

आपल्या ग्रुपवर मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : "घरच्या कॉम्प्युटरला कुठला अँटिव्हायरस टाकू? फुकटचा सांग, आणि मला जमेल असा सांग." दोन्ही अटी रास्त आहेत. आपण बहुतेक जण आता पेन्शनवर किंवा ठेवींच्या व्याजावर आहोत. मुलं दुसऱ्या शहरात, काहींची दुसऱ्या देशात. रात्री अकराला कॉम्प्युटरवर काही भलतंच दिसलं तर विचारायचं कोणाला, ही आपली खरी अडचण आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागच्या बाकावरचे झोपायला मोकळे. तुमच्याकडे विंडोज १० किंवा ११ असेल, तर फुकटचा आणि सोपा अँटिव्हायरस तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच आहे. त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट डिफेंडर. तो कुठून उतरवून घ्यायचा नाही, त्याची सीडी नाही, दरवर्षी पैसे भरून त्याचं नूतनीकरण करायचं नाही. घरगुती वापराला तो पुरतो.

मग उरलेला अर्धा तास कशासाठी? घरात राखणदार असणं ही एक गोष्ट, आणि तो कोण हे घरातल्या माणसांना माहीत असणं ही दुसरी. माझ्या पाहण्यात जे नुकसान झालं आहे, ते बहुतेक दुसरी गोष्ट नसल्यामुळे झालं आहे.

आपल्याच बॅचमधल्या एकाची हकिकत त्याच्या परवानगीने सांगतो. नाव सांगणार नाही, आणि तुम्हीही चहाच्या वेळी शोधत बसू नका. एका दुपारी तो नातवासाठी रंगवायची चित्रं शोधत होता. एका ठिकाणी क्लिक केलं आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. बाईचा आवाज आला : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले आहेत, तुमची बँकेची माहिती चोरली जात आहे, कॉम्प्युटर बंद करू नका, खालच्या नंबरवर ताबडतोब फोन करा. त्याने केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र. 'सर, सर' म्हणत त्याने दुरून कॉम्प्युटर हाताळायचं एक सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला लावलं, काळ्या खिडकीत भराभर अक्षरं पळवून दाखवली, आणि तीन वर्षांचं 'संरक्षण पॅकेज' म्हणून अठरा हजार रुपये घेतले.

हे त्याने चार महिने कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला माणूस, त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. पुढे कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्याने मला बोलावलं, तेव्हा हे बाहेर आलं. मी डिफेंडरची नोंदवही उघडून पाहिली. त्या दिवशी डिफेंडर चालू होता, अद्ययावत होता, आणि त्याला एकही व्हायरस सापडलेला नव्हता. ज्या आजारासाठी अठरा हजार गेले तो आजारच नव्हता. मी त्याला विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरला अँटिव्हायरस कुठला आहे?" म्हणाला, "कोण जाणे, पोराने टाकून दिलं होतं काहीतरी."

ज्या घराला आपल्या राखणदाराचं नाव माहीत नाही, त्या घरासमोर कोणीही खाकी घालून उभा राहतो आणि शिट्टी वाजवतो. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझी पहिली कसोटी अशी : त्याचं नाव तुम्हाला आणि तुमच्या घरातल्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायला हवं, आणि ते खरोखर बोलतं तेव्हा कसं दिसतं हे ओळखता यायला हवं. बाकीचे गुण त्यानंतर.

आता हा राखणदार करतो काय ते थोडक्यात. आपल्या शाळेच्या फाटकावरचे शिपाईमामा आठवा. मामांच्या तीन रीती होत्या. पहिली, ज्यांना आत सोडायचं नाही त्यांची नावं त्यांना पाठ होती. दुसरी, नाव माहीत नसलं तरी वागण्यावरून ओळखायचे. मधल्या सुट्टीत दप्तर पाठीला लावून मागच्या भिंतीकडे निघालेला मुलगा काय करणार हे त्यांना सांगावं लागत नसे. आणि तिसरी, अगदीच शंका आली तर 'थांब इथे' म्हणून ऑफिसात विचारून यायचे.

अँटिव्हायरस नेमकं हेच करतो. माहीत असलेल्या धोक्यांची यादी त्याच्याकडे असते आणि ती दिवसातून अनेकदा ताजी होते. यादीत नसलेला एखादा प्रोग्रॅम अचानक तुमच्या सगळ्या फाइली एकामागून एक बदलायला लागला, तर वागण्यावरून तो त्याला अडवतो. आणि अनोळखी फाइल दिसली तर इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या यंत्रणेला विचारतो. यादी जुनी झाली की मामा असून नसल्यासारखे. म्हणूनच 'अँटिव्हायरस आहे' एवढं पुरत नाही, तो आजच्या तारखेचा आहे का हे पाहावं लागतं.

काही जणांच्या चेहऱ्यावर शंका दिसते आहे : फुकट आणि आयता मिळालेला, म्हणजे असातसाच असणार. ही शंका पूर्वी बरोबर होती. विंडोज एक्सपीच्या काळात अँटिव्हायरस वेगळा घ्यावा लागे. कॉम्प्युटर जोडून देणारा दुकानदारच अँटिव्हायरसचा डबा हातात ठेवायचा, आणि ते योग्यच होतं. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'सिक्युरिटी एसेन्शियल्स' मोफत दिलं, पण ते आपण उतरवून घ्यावं लागे. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्ये बसवलेलाच येतो. सुरुवातीची काही वर्षं तो परीक्षेत कच्चा होता, हेही खरं.

हो, अँटिव्हायरसची परीक्षा असते. जर्मनीतल्या माग्देबुर्ग गावात एव्ही-टेस्ट नावाची संस्था आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्हज आहे. या स्वतंत्र संस्था निरनिराळी सॉफ्टवेअर एकाच वेळी तपासतात आणि निकाल सगळ्यांना फुकट वाचायला ठेवतात. एव्ही-टेस्टचे विषय तीन : संरक्षण, कॉम्प्युटर किती मंद होतो, आणि निष्कारण आरडाओरडा किती करतो. प्रत्येकी सहा गुण, एकूण अठरा. आपला हा एके काळचा कच्चा विद्यार्थी गेली काही वर्षं वरच्या रांगेत बसतो. आपल्या वर्गातही अशी उदाहरणं होती, समोर बसलेल्या बाईंना ती आठवत असतील.

(येथे पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवण्यात आले.)

आता पडद्याकडे बघा. मी एक फाइल उघडतो आहे. घाबरू नका, हा व्हायरस नाही. 'आयकार' नावाची ही अडुसष्ट अक्षरांची निरुपद्रवी फाइल आहे. पहारेकरी जागा आहे का हे पाहण्यासाठीच ती केली आहे, आणि अँटिव्हायरस कंपन्या तिला मुद्दाम धोका मानतात. हं, दिसलं? खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट आली. तिने सांगितलं की धोका सापडला आणि कारवाई होते आहे. भोंगा नाही. फोन नंबर नाही. पैशांची भाषा नाही. 'ताबडतोब', 'नाहीतर' असले शब्द नाहीत. खरा पहारेकरी आधी चोराला धरतो आणि मग तुम्हाला हळूच कळवतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. ज्या सूचनेत नंबर आहे ती खोटी. आज इथून एवढंच घेऊन गेलात तरी चालेल.

खोटा लाल पडदा आलाच तर काय करायचं? आधी आवाज बंद करा, म्हणजे डोकं चालतं. एस्केपचं बटण थोडा वेळ दाबून धरा, बहुतेक वेळा पूर्ण पडदा व्यापलेली खिडकी लहान होते. मग ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबून ती बंद करा. काहीच जमलं नाही तर कॉम्प्युटरचं पॉवरचं बटण दाबून धरा आणि सरळ बंद करा. 'बंद करू नका' हे चोराचं म्हणणं आहे, ते आपण कशाला ऐकायचं? पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर विचारेल, 'आधीची पानं परत उघडू का?' नको म्हणा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे कोपऱ्यात रोज येणाऱ्या खोट्या चौकटी : 'तुमचं संरक्षण संपलं', 'आत्ता नूतनीकरण करा'. त्यांवर नामांकित कंपन्यांची चिन्हं वापरलेली असतात. बहुतेक वेळा हा व्हायरस नसतो. कुठल्या तरी साइटने 'सूचना पाठवू का?' म्हणून विचारलेलं असतं आणि आपण घाईत 'अलाउ' दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' शोधा आणि तिथे परवानगी मिळालेल्या अनोळखी साइट काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे. याच दोन मिनिटांच्या कामासाठी लोकांनी हजारो रुपये मोजल्याचं मी पाहिलं आहे.

आता आपल्या राखणदाराची ओळख. स्टार्ट बटण दाबून 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा. घड्याळाशेजारच्या बाणात ढालीचं चित्र असतं, तेही हेच. हिरवी खूण म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे तुमच्याकडून काहीतरी हवं आहे, लाल म्हणजे लगेच बघा. आत चार ठिकाणं बघायची. पहिलं 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' : तिथे शेवटचं अपडेट कधी झालं ते लिहिलेलं असतं. ते आजचं किंवा कालचं हवं. दुसरं फायरवॉल : चालू असावी. तिसरं 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' : तिथे नको असलेले प्रोग्रॅम अडवायची सोय आहे, ती चालू करा. एक वस्तू घ्यायला गेलो आणि तीन गळ्यात पडल्या, हा प्रकार त्याने पुष्कळ कमी होतो. चौथं, 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'मधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' : हे चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या फोटोंच्या आणि कागदपत्रांच्या फोल्डरला हात लावता येत नाही. हे मुळात बंद असतं आणि चालू केल्यावर कधीकधी आपल्याच एखाद्या प्रोग्रॅमला अडवतं. तेव्हा त्या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची, सोय बंद करायची नाही.

मग बाजारातले बाकीचे फुकट अँटिव्हायरस वाईट का? वाईट नाहीत. अवास्ट, एव्हीजी, अविरा, बिटडिफेंडर यांच्या मोफत आवृत्त्या आहेत आणि कामही करतात. पण फुकट जेवण घालणाऱ्याचा शिधा कुठून येतो हे विचारावं. एक उत्तर जाहिरातींचं : पैसे भरून वरची आवृत्ती घ्या, असं ते मधूनमधून सुचवत राहतात. ज्याला मुळात खऱ्या आणि खोट्या सूचनेतला फरक ओळखायचा आहे, त्याच्या डोळ्यांसमोर रोज चौकटी नाचवणं मला पसंत नाही. दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. अवास्टने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली. हे बाहेर आल्यावर जानेवारी २०२० मध्ये जंपशॉट बंद करण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल कंपनीवर एक कोटी पासष्ट लाख डॉलरची वसुली लावली. ज्याला पहाऱ्यावर ठेवलं, त्यानेच घरात कोण येतं-जातं याची वही विकली.

आणखी एक गंमत. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. पुढे नॉर्टनच्या कंपनीने अविरा घेतली आणि २०२२ मध्ये अवास्टही तिच्यात आली. म्हणजे नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी, अविरा या चार पाट्या आज एकाच मालकाच्या आहेत. कुठली पाटी निवडावी म्हणून आपण रात्र रात्र जागतो, आणि गल्ला एकच असतो.

एक गोष्ट मात्र करू नका : दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. एकाच फाटकावर दोन शिपाई नेमले तर ते चोरापेक्षा एकमेकांवर जास्त लक्ष ठेवतात. कॉम्प्युटर रखडतो. दुसरा पूर्ण अँटिव्हायरस बसवला की डिफेंडर स्वतःहून बाजूला होतो. मग दुसऱ्याची मुदत संपली आणि ते लक्षात आलं नाही, तर आपण भलत्याच भरवशावर राहतो. नव्या लॅपटॉपबरोबर थोड्या मुदतीचा अँटिव्हायरस टाकून मिळतो, तिथे हे हमखास होतं. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहा. पुढे पैसे भरायचे नसतील तर तो सेटिंग्जमधून काढून टाका, कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, आणि डिफेंडरची हिरवी खूण आली का ते बघा. अधूनमधून दुसरं मत हवं असेल, तर मालवेअरबाइट्सची मोफत आवृत्ती ठेवायला हरकत नाही. ती सतत पहारा देत नाही, आपण सांगू तेव्हा तपासणी करते.

आता ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त दिसतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबली. कॉम्प्युटर चालतो आहे, त्यामुळे आपल्याला काही फरक जाणवत नाही. डिफेंडरची धोक्यांची यादी विंडोज १० वरही ऑक्टोबर २०२८ पर्यंत ताजी होत राहील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे. पण यादी ताजी असणं आणि भिंत धड असणं वेगळं. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद केले, ब्रिटनमधल्या इस्पितळांची कामं अडली. त्या भिंतीतलं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याआधी दोन महिने, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी ते बसवलं नव्हतं ते सापडले.

म्हणून सेटिंग्जमध्ये 'विंडोज अपडेट' उघडा. तुमचा कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालणारा असेल तर ते मोफत मिळतं. नसेल, तर त्याच पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नावनोंदणीचा दुवा दिसेल. ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जची प्रत ठेवायला परवानगी दिली तर तिला पैसे पडत नाहीत. त्यानंतर फार जुनं मशीन असेल तर लिनक्स मिंट हा मोफत पर्याय आहे. मेल, यूट्यूब आणि पत्रं लिहिणं एवढंच काम असेल तर तो सहज जमतो. बसवायला मात्र एखादा भाचा-पुतण्या हवा.

राखणदार कितीही चांगला असला तरी मालकानेच मागचं दार उघडून दिलं तर तो काय करणार? आपल्याकडे हे दार बहुतेक वेळा 'क्रॅक'चं असतं. कोणीतरी पेन ड्राइव्हवर विकतचं सॉफ्टवेअर फुकट आणून देतो, आणि सोबतच्या चिठ्ठीतली पहिली सूचना असते : आधी अँटिव्हायरस बंद करा. असा पाहुणा घरात घ्याल का, जो दारातूनच म्हणतो की आधी कुत्र्याला बांधा? पत्रं आणि हिशेबांसाठी लिबरऑफिस फुकट आहे आणि कायदेशीर आहे. मराठी टायपिंगसाठीही कुठल्या तरी साइटवरून काही उतरवू नका. विंडोजमध्येच मराठीचा कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणारासुद्धा. 'लँग्वेज' सेटिंगमध्ये मराठी निवडलं की झालं.

नातवंडं कॉम्प्युटर वापरत असतील तर त्यांच्यासाठी वेगळं साधं खातं काढून द्या, ॲडमिनिस्ट्रेटरचं नको. म्हणजे त्यांनी काही बसवायला घेतलं तर कॉम्प्युटर तुमचा पासवर्ड मागेल.

आणि शेवटचं, सगळ्यांत कंटाळवाणं आणि सगळ्यांत मोलाचं : फोटोंची दुसरी प्रत. अँटिव्हायरस चोराला अडवेल, पण बिघडलेली हार्ड डिस्क त्याला दुरुस्त करता येत नाही. काल आपण आपल्या सहलीचे जे फोटो पाहिले, ते एकाच घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर होते. आपल्या त्या वर्गातल्या पाच जणांचे आता तेवढेच फोटो आहेत. वेगळी पोर्टेबल हार्ड डिस्क घ्या, महिन्यातून एकदा प्रत काढा, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. जोडलेलीच ठेवली तर फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस तिलाही सोडत नाही.

समितीने काल रात्री चिठ्ठ्यांचा डबा फिरवला होता, त्यातल्या काही घेतो.

"क्विक हील पुण्याची, आपल्या माणसांची कंपनी. तेच घ्यायला नको का?" अभिमान मलाही आहे. दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून काटकर बंधूंनी ती उभी केली. पण ते विकतचं सॉफ्टवेअर आहे आणि आज विषय फुकटचा आहे. तुम्ही पैसे भरून घेतलेलं असेल तर खुशाल वापरा, मुदत सांभाळा, आणि नाव लक्षात ठेवा. तोच तुमचा राखणदार. भारत सरकारचं 'सायबर स्वच्छता केंद्र' २०१७ पासून आहे. कॉम्प्युटर साफ करायची मोफत साधनं तिथे मिळतात, आणि त्यांत क्विक हीलनेही हातभार लावला आहे.

"मुलीने मॅक पाठवला आहे. त्याला काय?" त्यातही एक्सप्रोटेक्ट नावाची सोय बसवलेली आहे. अपडेट वेळेवर करा. खोटे लाल पडदे मात्र मॅकवरही येतात.

"मोबाइलचं काय?" तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे. आज एकच सांगतो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वीजबिल किंवा बँकेचं पत्र म्हणून 'एपीके' नावाने संपणारी फाइल आली तर उघडू नका. पत्रिका फोटो म्हणून येते, पीडीएफ म्हणून येते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारं सॉफ्टवेअर.

"फाइली कुलूपबंद झाल्या, पैसे मागताहेत. भरायचे का?" आधी इंटरनेट तोडा. पैसे भरले म्हणजे किल्ली मिळेलच याची खात्री नसते. युरोपच्या पोलिसांनी आणि सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ पासून 'नो मोअर रॅन्सम' ही मोफत सेवा चालवली आहे. काही प्रकारच्या कुलपांच्या किल्ल्या तिथे मिळतात.

"पैसे गेलेच तर?" १९३० हा नंबर. लगेच, त्याच तासात. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा आणि बँकेला कळवा. कॉम्प्युटरवर कोणाला दुरून येऊ दिलं असेल, तर इंटरनेट तोडा, ते सॉफ्टवेअर काढा, आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे : "मुलांना न सांगता हे सगळं करता येईल का?" अक्षर ओळखीचं नाही, ओळखायचंही नाही. उत्तर देतो. हो, १९३० ला तुम्ही स्वतः फोन करू शकता, मुलांची परवानगी लागत नाही. पण कोणाला तरी सांगा. मुलांना नको तर आपल्यापैकी कोणाला सांगा. फसवणारे लोक हे काम दिवसभर करतात, त्यांचा सराव असतो. तुमच्यावर ही वेळ पहिल्यांदाच येते. असमान सामन्यात हरण्याची लाज कसली? लाज वाटून गप्प बसलं की वेळ जातो, आणि तो वेळच चोराला हवा असतो.

बाईंच्या सवयीप्रमाणे गृहपाठ देऊन थांबतो. घरी गेल्यावर ढालीची खूण बघा. अपडेटची तारीख बघा. दुसरा मुदत संपलेला अँटिव्हायरस असेल तर काढा. फोटोंची प्रत करा. आणि एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरला चिकटवा : 'आमचा अँटिव्हायरस डिफेंडर. तो फोन करायला सांगत नाही. अडचण आली तर १९३०.' घरातल्या सगळ्यांना तो कागद वाचून दाखवा, कामाला येणाऱ्या मुलीलासुद्धा, कारण तीही कधीतरी तुमच्या कॉम्प्युटरवर आपल्या पोराचा निकाल बघते.

ज्यांना गृहपाठ जमणार नाही त्यांनी जेवणानंतर लॅपटॉप घेऊन ग्रंथालयात या. मी चारपर्यंत तिथे आहे. चहा तुमच्याकडून.

सर, बाई, आपण शांतपणे ऐकून घेतलंत. वर्गात आम्ही इतके शांत कधी बसलो नव्हतो, त्याबद्दल आज सगळ्या वर्गाच्या वतीने क्षमा मागतो. पुढचं सत्र मृत्युपत्राचं आहे, कोणी उठून जाऊ नका.